शंभर ते शून्याचं काय?

दिवाळीत गाव भरतं. पुण्याला, चाकणला, वाळूजला, शेंद्र्याला नोकरीला असलेली पोरं आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि एरवी रिकामा असणारा आमचा ओटा संध्याकाळी गजबजतो. पूर्वी या गप्पांचे विषय ठरलेले असत. कापसाचा भाव, पाऊस आणि राजकारण. 2025 च्या दिवाळीत मात्र तिन्ही विषय बाजूला पडले आणि दोन संध्याकाळी पोरं एकाच गोष्टीवर भांडली. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही सेडान 17 ऑक्टोबर 2025 ला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, आपल्याकडे आली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 265 अश्वशक्ती, शून्यापासून शंभरचा वेग 6.4 सेकंदांत, जास्तीत जास्त वेग ताशी 250 किलोमीटर. शोरूमची किंमत 49 लाख 99 हजार. भारतासाठी फक्त शंभर गाड्या होत्या, आणि किंमत जाहीर होण्याआधीच शंभरच्या शंभर बुक झाल्या होत्या. म्हणजे आमच्या ओट्यावर जे भांडत होते त्यातल्या एकालाही ती मिळणार नव्हती. तरी भांडण जोरात.

या गोष्टीला मी हसलो नाही बरं का. मी पानिपत न पाहता पानिपताची लढाई वर्षानुवर्षं शिकवली. न पाहिलेल्या गोष्टीवर जीव लावता येतो, आणि अभ्यास असेल तर बोलताही येतं. या पोरांचा अभ्यास आहे. कोणत्या गाडीच्या इंजिनाचा जोर किती, कोणता गियरबॉक्स, कोणत्या साली काय बदललं, सगळं तोंडपाठ. यातल्या काही जणांना मी सनावळ्या पाठ करायला लावताना घायकुतीला आलो होतो, म्हणून जरा जास्तच कौतुक वाटलं!

भांडणाचं मूळ एवढंच की या गाडीचं इंजिन फक्त पुढच्या दोन चाकांना ओढतं. एक पक्ष म्हणत होता, पन्नास लाख घेता आणि ऑल व्हील ड्राइव्ह देत नाही म्हणजे काय? 2021 मध्ये मर्सिडीजने चाकणला जोडून एएमजी ए 35 ही सेडान आणली होती. तीही दोन लिटर टर्बो, पण 306 अश्वशक्ती आणि जोर चारही चाकांना. शंभरचा वेग 4.8 सेकंदांत. किंमत तेव्हा छप्पन्न लाखांच्या घरात. मग हिच्यात का नाही? दुसरा पक्ष म्हणे, पुढच्या चाकांमध्ये खास कुलूप बसवलंय, ताकद वाया जात नाही, आणि गाडी हलकी राहते. तिसरा म्हणे, आरएस ही भावना आहे, तिला आकडे लावू नका. (हा तिसरा मराठीत जेमतेम पास होत असे. भावनेचा त्याला पहिल्यापासूनच ओढा.)

शेवटी एकाने मला विचारलं, "सर, तुम्ही सांगा. चारही चाकांना ताकद असलेली गाडी जास्त सेफ की नाही?"

मी म्हटलं, "अरे, आधी तू मला सांग. तुझी ती 4.8 सेकंदवाली गाडी शंभरच्या वेगावरून थांबायला किती मीटर घेते?"

ओटा गप्प! शून्य ते शंभर सगळ्यांना दशांश चिन्हासकट पाठ. शंभर ते शून्य एकालाही नाही. हा लेख त्या शांततेमुळे लिहितोय.

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर वाचक मला नेहमीच्या रांगेत बसवतील. आमच्या पिढीतल्या लोकांचं महागड्या गाड्यांवर एक ठरलेलं मत असतं. माज! ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी मिळून दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या, तेव्हा अर्ध्या जिल्ह्याची छाती फुगली आणि उरलेल्या अर्ध्याने नाकं मुरडली. मी मुरडणाऱ्यांत होतो. आता वाटतं, नाक मुरडणं हा विचार नव्हे. आपल्या कष्टाच्या पैशाने कुणी बैलजोडी घ्यावी, कुणी सोनं घ्यावं, कुणी मोटार. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या जिल्ह्याने एकदा मान वर करून दाखवली असेल, तर त्यात पाप ते काय?

शिवाय या गाड्यांशी आपलं नातं फक्त विकत घेण्याचं नाही. 2001 मध्ये ऑक्टाव्हिया भारतात आली ती शेंद्र्यातूनच. पुढे ऑडीच्या गाड्याही तिथेच जोडल्या जाऊ लागल्या. या तालुक्या-तालुक्यांतली आयटीआय झालेली पोरं तिथे नट आवळतात. तेव्हा गाडीची आवड हे शहरी थेर आहे असं आम्ही तरी म्हणू नये.

तर मुद्दा आवडीचा नाही. मुद्दा मताचा आहे. मत देणारा माणूस अर्धंच मोजमाप सांगतो, आणि ऐकणारा ते पूर्ण समजतो, याला माझा विरोध आहे.

आता जरा यंत्राकडे वळतो. मी साधा बी.ए., तोही मराठी माध्यमाचा. म्हणून खालचं सगळं विज्ञान शिकवणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून तपासून घेतलंय. त्याने दोनदा लाल शाई वापरली, ते दुरुस्त करून लिहितोय.

टर्बो म्हणजे काय? इंजिनातून जळून बाहेर पडणारा वायू एरवी फुकट जातो. त्याच्या वाटेत एक छोटी चक्री बसवायची. ती फिरली की तिच्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूची नावाच्या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. आज दारावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रकलाही टर्बो असतो. जुन्या मारुती 800 ची ताकद सुमारे 37 अश्वशक्ती. ऑक्टाव्हिया आरएसची 265. म्हणजे सात मारुती एका बॉनेटखाली. टर्बोची ही करामत खरंच थक्क करणारी आहे.

आता चारही चाकांचं. टायरची रस्त्यावरची पकड हा घरखर्चाच्या पैशासारखा प्रकार आहे. एकूण रक्कम ठरलेली. त्यातूनच ओढायचं, त्यातूनच वळायचं. सात मारुतींची ताकद पुढच्या दोनच चाकांवर टाकली की ती ओढूनच दमतात, वळायला शिल्लक कमी राहते. ताकद चार चाकांत वाटली की प्रत्येकावरचा भार कमी होतो. ऑडीच्या लोकांना 1977 च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात चाचण्या घेताना हे नीट दिसलं. फोक्सवागनची इल्टिस नावाची कमी ताकदीची लष्करी जीप त्या बर्फात भारी ताकदीच्या मोटारींना मागे टाकत होती, कारण तिचं इंजिन चारही चाकं ओढत होतं. त्यातून 1980 मध्ये क्वाट्रो ही गाडी आली. टर्बो आणि चारही चाकं! तिने रॅलीच्या शर्यतींचं रूपच पालटलं. आज जगात टर्बो आणि ऑल व्हील ड्राइव्हवाल्या ज्या वेगवान सेडान आहेत, त्यांना वाट त्या गाडीने दाखवली.

हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. काळ्या रानात पाऊस झाला की साधा ट्रॅक्टर रुततो आणि फोर बाय फोर निघून जातो. चारही चाकांच्या ताकदीची खरी गरज कुणाला असेल तर त्याला. गंमत म्हणजे ज्या पाणंदीत तिचा उपयोग आहे, तिथे ही बुटकी सेडान पोचणारच नाही. आमच्या गावाच्या पहिल्या स्पीड ब्रेकरलाच तिचं पोट घासेल.

पण आता नीट लक्ष द्या. इंजिन चाकांना ओढतं तेव्हा दोन की चार हा प्रश्न येतो. ब्रेक लावल्यावर तो प्रश्नच उरत नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. जुन्या मारुती 800 लाही होते. थांबताना सगळ्या मोटारी सारख्याच चारचाकी! चारही चाकांना ताकद दिली म्हणून गाडी एक फूटसुद्धा लवकर थांबत नाही. थांबणं ठरतं टायरवर, ब्रेकवर, रस्त्यावर आणि वेगावर.

म्हणजे "जास्त सेफ की नाही" याचं उत्तर काय? निसरड्या रस्त्यावर निघताना, चढ चढताना, वळणातून वेग घेत बाहेर पडताना, हो. थांबताना, नाही. कन्नडचा औट्रम घाट डोळ्यांसमोर आणा. पावसात तो चढताना चारही चाकं मदत करतील. उतरताना, वळणावर समोर अचानक बंद पडलेला ट्रक दिसला, तर ती काही करणार नाहीत. आणि घाट नुसता चढायचा नसतो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. दोन चाकांची गाडी ओल्या रस्त्यावर जोरात काढली की चाकं जागच्या जागी फिरतात, गाडी चालवणाऱ्याला समजतं की आज रस्ता निसरडा आहे. चारही चाकांची गाडी हा इशारा जवळजवळ गिळूनच टाकते. ती झपकन निघते. माणसाला वाटतं, रस्ता ठीक आहे. रस्ता ठीक नाही हे त्याला पहिल्यांदा कळतं ते ब्रेकवर पाय पडल्यावर. तोवर वेग शंभराच्या वर गेलेला असतो.

ओट्यावर एक पोरगा म्हणाला, "सर, शंभरवरून थांबायला अशा गाडीला तीनच सेकंद लागतात. निघायला सहा आणि थांबायला तीन. मग कशाला घाबरायचं?"

हिशेब बरोबर आहे त्याचा. अशा गाड्यांचे ब्रेक मोठे, टायर रुंद, आणि त्या आपल्या साध्या गाड्यांपेक्षा चांगल्या थांबतात हे मी मान्य करतो. पण बाबा रे, समोरची म्हैस किती सेकंदांवर आहे असं कुणी विचारतं का? ती इतक्या मीटरवर उभी असते. तेव्हा मीटरमध्ये बोलू.

कोरडा, चांगला रस्ता आणि उत्तम टायर धरले तर शंभरच्या वेगावरून अशी गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे 40 मीटरवर थांबते असं समजू. त्यात माणसाने बघून पाय ब्रेकवर नेईपर्यंतचा एक सेकंद धरा. त्या सेकंदात गाडी 28 मीटर गेलेली असते. एकूण 68. आता वेग वाढवू. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. या हिशेबाने 60 च्या वेगाला एकूण 31 मीटर, 120 ला 91 मीटर, आणि 180 ला बरोबर 180 मीटर. (हा शेवटचा आकडा योगायोग आहे, पण पाठ करायला सोपा.) हे सगळं दिवसा, कोरड्या रस्त्यावर, जाग्या माणसाचं, हातात मोबाईल नसताना. ओल्या रस्त्यावर अंतर आणखी वाढतं.

रात्री हेडलाइटचा उजेड किती लांब पडतो याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या गाडीत बसून घ्यावा. उजेड संपतो त्याच्या पुढे तुमची गाडी थांबणार असेल, तर तुम्ही डोळे झाकून गाडी चालवताय असाच अर्थ होतो. आणि आपल्या रस्त्यावर उजेडाच्या टोकाला काय असतं हे मी सांगायला हवं का? मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली. उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल. वेरूळला पायी निघालेली माणसं.

आता कुणी म्हणेल, सर, समृद्धी महामार्ग आहे की. आहे, आपल्याच जिल्ह्यातून जातो. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला. तिथे मोटारींची मर्यादा ताशी 120. म्हणजे 250 च्या वेगाची गाडी घेणाऱ्याला आपल्या सगळ्यात चांगल्या रस्त्यावरही तिचा निम्माच वेग कायद्याने वापरता येतो. त्याच रस्त्यावर 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात जांबरगावजवळ भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळला आणि 12 माणसं गेली. ती गाडी काही शौकिनाची नव्हती, हे खरं. त्या अपघाताचं खापर मी यांच्यावर फोडत नाही. सांगायचं एवढंच की सरळ, गुळगुळीत, रिकाम्या दिसणाऱ्या रस्त्यावरही पुढे ट्रक असू शकतो. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, आणि सरकारी अहवालानुसार त्यातले 71 टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. सगळ्यांकडे टर्बो नव्हता. पण वेग कसा मिरवायचा ते वातावरण कुणीतरी तयार करतंच ना?

19 मे 2024 ची पुण्यातली कल्याणीनगरची घटना सगळ्यांना आठवत असेल. पोर्शची इलेक्ट्रिक सेडान, चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा असल्याचा आरोप, आणि मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते जागीच गेले. खटल्याचं कोर्ट बघेल. मला बोचली ती जामिनाची अट. रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध! मी आयुष्यभर निबंध लिहून घेतले. पहाटेचं सौंदर्य, माझी आई, शेतकऱ्याचं मनोगत. निबंधाने मुलाची भाषा सुधारते, क्वचित माणूसही थोडा सुधारतो. पण तो अपघाताच्या आधी लिहून घ्यायचा असतो हो. नंतर लिहिलेल्या तीनशे शब्दांना काय किंमत?

आणि तो आधीचा निबंध आज कोण लिहून घेतंय? आम्ही नाही. आमचं कोण ऐकतंय! चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आज गाडीबद्दल जे काही शिकतो ते या शौकिनांकडून. त्यांची मतं तो पाठ करतो. पिकअप जबरदस्त, चिकटून वळते, चारही चाकं, बिनधास्त मारा. "बिनधास्त" हा शब्द मी ओट्यावर दोन दिवसांत किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. माझा नातू तिथेच पायरीवर बसून सगळं ऐकत होता. रात्री जेवताना मला म्हणतो, "आबा, ऑल व्हील ड्राइव्ह असली की गाडी घसरतच नाही ना?" वय वर्षं चौदा. चार वर्षांनी त्याच्या हातात लायसन्स येईल. आता सांगा, हे एवढंच असलेलं ज्ञान घेऊन तो औट्रम घाटात उतरणार का?

शौकीन मंडळींना राग येईल. ते म्हणतील, आम्ही रस्त्यावर पळवा असं कुठे म्हणतो? वेगासाठी ट्रॅक आहेत. बरोबर. चेन्नईजवळ 1990 पासून ट्रॅक आहे, ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर 2011 ते 2013 फॉर्म्युला वनची शर्यत झाली. पैसे भरून, हेल्मेट घालून तिथे गाडी पळवणाऱ्याला माझा दंडवत. पण आपली मतं ट्रॅकची असतात आणि ऐकणारा मुलगा कन्नड-वैजापूरचा असतो, हे विसरून कसं चालेल?

आपल्याकडचा शंकरपट बघा. बैलांच्या शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या वादात मी शिरत नाही. पण पटाचा शौकीन कसा बोलतो ते ऐका. बैलाचा खूर, छाती, वय, खुराक, सगळं सांगेल, आणि त्याच दमात हेही सांगेल की हा बैल दोरीला ऐकतो की नाही. धावपट्टी संपल्यावर जोडीला थांबायला पुढे मोकळं रान लागतं, हे पट भरवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. पळणारा पण आवरत नसलेला बैल कितीही जोरकस असो, जाणकार त्याला नावाजत नाही. मोटारीच्या शौकिनाने या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसाकडून एवढं शिकायला हरकत नाही.

मी गाडीवर बंदी मागत नाही, की किंमतीवर प्रवचन देत नाही. माझी मागणी अगदी साधी आहे. ज्याला वेगवान गाडीवर मत द्यायचं आहे त्याने शून्य ते शंभर किती सेकंद हे सांगितल्यावर लगेच, त्याच वाक्यात, शंभर ते शून्य किती मीटर हेही सांगावं. कोरड्यात किती आणि ओल्यात किती. आणि ऑल व्हील ड्राइव्हची तारीफ करताना पुढे जोडावं की हिचा थांबायला उपयोग नाही. यात गाडीचा अपमान नाही. उलट चांगल्या गाडीचे ब्रेक किती चांगले हे सांगायची संधी आहे, ती हे लोक उगाच वाया घालवतात.

ओट्यावरची गोष्ट राहिली. भाऊबीजेच्या दिवशी परत जायला निघण्याआधी तो "तीन सेकंद"वाला पोरगा घरी आला. पाया पडला. म्हणाला, "सर, माझ्या गाडीचं बघितलं. कंपनीच्या पुस्तकात थांबायचं अंतर दिलेलंच नाही."

मी म्हटलं, "मग रस्ता रिकामा बघून, साठच्या वेगावर, स्वतः मोजून बघ. मागे कुणी नाही याची खात्री करून. आणि आकडा मला फोनवर कळव."

अजून कळवलेला नाही. वाट बघतोय. तोवर नातवाला 31, 68, 91 आणि 180 हे चार आकडे पाठ करायला दिलेत. तीन आले आहेत. चौथा विसरतो, म्हणून रोज संध्याकाळी विचारतो.